शिक्षकाने एक नदी धरावी

भटक्यांच्या गटांत हल्ली किल्ल्यांची मोजदाद चालते. कुणाचे शंभर झाले, कुणाचे दीडशे. शिक्षकाच्या वर्षात हे गणित बसत नाही. जूनच्या मध्यापासून शाळा, मग सत्र परीक्षा, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, मधूनच निवडणुकीची कामे. रविवार पुष्कळदा अर्धाच हाती लागतो. सलग असा फक्त मे महिना मिळतो. तेव्हा दर आठवड्याला नवी जागा शोधण्यापेक्षा एकच नदी धरावी आणि वर्षानुवर्षे तिच्याकडे परतत राहावे. त्यासाठी फ्लाय फिशिंगइतका अनुरूप छंद दुसरा नाही, असे माझे ठाम मत आहे. रोज शिकवणाऱ्या माणसाला सुट्टीत पुन्हा शिकणारा होता आले पाहिजे, आणि नदी एका भेटीत काहीच शिकवत नाही.

याचे दाखले आहेत. नॉर्मन मॅक्लीन यांनी शिकागो विद्यापीठात 1973 पर्यंत इंग्रजी साहित्य शिकवले आणि उन्हाळे मोंटानातल्या आपल्या केबिनवर, लहानपणापासून ओळखीच्या नद्यांच्या परिसरात काढले. ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ हे त्यांचे पुस्तक 1976 मध्ये, त्यांच्या सत्तरी उलटल्यावर आले. आपल्याकडे डेहराडूनच्या डून स्कूलमधले शिक्षक जॅक गिब्सन यांनी शाळेच्या सुट्ट्यांत गढवालचे बंदरपूंछ हे एकच शिखर धरले. 1937 मध्ये प्रयत्न, 1946 मध्ये पुन्हा, आणि 1950 मध्ये त्यांच्या तुकडीतले तेनसिंग व सोबती माथ्यावर पोहोचले. गिब्सन स्वतः माथ्यावर गेले नाहीत, तरी इतकी वर्षे त्यांनी तो डोंगर सोडला नाही. दोघांनीही नोकरी सांभाळूनच हे केले. जागा बदलली नाही म्हणून तुटपुंजा वेळ वाया गेला नाही.

आता फ्लाय फिशिंगच का, ते पाहू. एरवीच्या गळात आमिषाचे किंवा शिशाचे वजन दोरी ओढून नेते. फ्लाय फिशिंगमध्ये पिसांचा आणि दोऱ्याचा बनावट किडा इतका हलका असतो की तो फेकताच येत नाही. वजन दोरीला असते, आणि मनगट व कोपराच्या लयीने ती दोरी हवेत सरळ करावी लागते. हा सराव पाण्याशिवाय होतो, आणि शिक्षकाच्या दृष्टीने हीच सोयीची बाब आहे. शाळा सुटल्यावर मैदानावर, गळाऐवजी टोकाला लोकरीचा पुंजका बांधून, रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. नऊ फुटी, पाच नंबरची काठी नवशिक्याला चालते. रविवार मिळाला तर पाणी वाचायला शिकावे. रायगडाच्या परिसरात काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीच्या श्रद्धेने तिथले मासे लोकांनी राखले आहेत. तिथे गळ न्यायचाच नाही. नुसते बसून पाहावे: मासा प्रवाहाकडे तोंड करून कुठे थांबतो, खडकामागच्या संथ पाण्यातून धारेत येऊन खाणे टिपून परत कसा जातो. फ्लायने धरायचा ट्राउट मासाही अशाच जागा धरतो.

मोठ्या सुट्टीसाठी मी हिमाचलातली तीर्थन सुचवेन. चंदीगडहून मनालीच्या बसने औटच्या बोगद्याआधी उतरावे, तिथून बंजार आणि पुढे गुशैणी. पलीकडे ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे, त्यामुळे चालणाऱ्या सोबत्यांचेही दिवस रिकामे जात नाहीत. मत्स्यविभागाचा परवाना घ्यावा लागतो. त्यावरच्या अटी नीट वाचाव्यात. ट्राउटच्या विणीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते. म्हणून दिवाळीची सुट्टी दरवर्षी उपयोगी नाही: 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे ती संधी हुकलीच. मार्च चांगला, पण तो परीक्षांचा. उरतो मे. बर्फ वितळून पाणी वाढलेले असते, तेव्हा पहाट आणि संध्याकाळ साधावी, दुपारी चालावे. खाली लारजीकडे, बियासच्या पात्रात मात्र उतरूच नये. 8 जून 2014 रोजी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे 24 अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. आकाश स्वच्छ असले तरी धरणाखालचे पाणी क्षणात चढते. वरच्या भागातही गुडघ्यापलीकडे जाऊ नये, आधारासाठी हातात वेगळी काठी असावी, आणि पाणी एकाएकी गढूळ झाले तर तत्काळ बाहेर यावे.

आक्षेप येतील. हा साहेबांचा महागडा शौक आहे, हा पहिला. सुरुवातीची खरेदी खर्चीक आहे खरी. पण दोन-तीन शिक्षकांनी मिळून एक काठी घेतली तर सरावाला पुरते. माशाला उगाच छळायचे कशाला, हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो झटकून टाकू नये. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, हात ओले करून मासा पाण्यातच सोडवावा, ऊन तापल्यावर थांबावे. इतके करूनही इजा शून्य होत नाही. ज्याला ते पटत नाही त्याने वाळणकोंडासारखे नुसते पाहण्यावरच थांबावे. माझ्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही, कारण तो परतून येण्याचा आहे, पकडण्याचा नाही. तिसरा आक्षेप जाणकारांचा: ब्राउन ट्राउट इथला नाहीच. बरोबर आहे. इंग्रजांनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काश्मीरमध्ये आणि तिथून कुलूकडे आणला, आणि इथल्या मूळच्या स्नो ट्राउटच्या अन्नात आणि जागेत तो वाटेकरी झाला. म्हणून या दोन माशांची ओळख पटवूनच गळ टाकावा. ब्राउन ट्राउटच्या अंगावर तांबडे-काळे ठिपके असतात. स्नो ट्राउट रुपेरी, बारीक खवल्यांचा, तोंड खालच्या बाजूला. तो गळाला लागला तर मोजमाप, फोटो काही न करता आधी सोडावा, आणि तो कुठल्या डोहात होता ते वहीत टिपून पुढच्या मेमध्ये तिथे गळ टाकू नये.