थकलेल्या मनाला विसावा

आपल्या परभणी भागात भर दुपारी औताचे बैल सोडून सावलीला बांधतात; मनाच्या मानेवरचे जू मात्र रात्रीपर्यंत उतरत नाही. मग विद्यार्थी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचतो, कामावरून आलेला बाप लेकरावर उगाच ओरडतो. अशा वेळी भगवान बुद्धांनी शिकवलेली आनापानसती, म्हणजे श्वासाची जाणीव, कामी येते. मज्झिम निकायातील ११८ वे सुत्त तिच्यावरच आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिराची सुरुवात तिनेच होते.

कामातून पाच मिनिटे काढा. श्वास ओढू नका, रोखू नका. येता-जाता नुसता जाणा. मन पळाले तर न रागावता परत आणा. हे परत आणणे हाच अभ्यास. झोपेची उणीव मात्र झोपेनेच भरावी. उंबरठ्यावर चार श्वास जाणून घरात गेलो, तर लेकराला बाप हसतमुख भेटेल.