मशीनसमोर माणूस बसलाय, हे तिला सांगावं लागतं

बेटा, ऑफिसच्या लिलावातलं जुनं वर्कस्टेशन तू स्वस्तात उचललंस. त्यावर सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची आणि रोजचं कामही त्यावरच करायचं, असं तुझ्या मनात आहे. खुशाल कर. नागपुरात व्हीएनआयटीच्या आवारातल्या एमआरसॅक या दूरसंवेदन केंद्रात उपग्रहचित्रांवर जसं काम चालतं, तसलंच तुझ्या प्रोजेक्टचं आहे. एकेका चित्रावर मशीन रात्रभर राबते, आणि मध्येच अपडेटसाठी ती आपणहून बंद पडलेली तुला परवडणार नाही. मीही 2003च्या विंडोज सर्व्हरपासून आजच्या उबंटूपर्यंत हेच करत आलो. त्यात जे शिकलो, ते तुला आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट, सर्व्हर म्हणजे कुणी वेगळा प्राणी नव्हे. 1996 साली विंडोज एनटी 4.0 आली, तेव्हा वर्कस्टेशन आणि सर्व्हर या दोन्ही आवृत्त्यांचा गाभा एकच होता. फरक होता तो सेटिंगचा आणि परवान्याचा. उबंटूतही सर्व्हर आणि डेस्कटॉप एकाच भांडारातून पॅकेजं घेतात. वेगळ्या असतात त्या सवयी. लग्नाच्या पंगतीतला वाढपी सगळ्यांना सारखं वाढतो, सर्व्हर तसा. घरी आई मात्र समोर बसलेल्या लेकराच्या ताटात आधी वाढते, डेस्कटॉप तसा. समोर माणूस बसेल, गाणं ऐकेल, माऊस फिरवेल, हे सर्व्हरने धरलेलंच नसतं. ते त्याला तूच सांगायचं. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं.

सिस्टिम निवडताना नावाआधी मुदत विचार. सेंटओएस 8 वर 2029पर्यंत निर्धास्त राहता येईल, या भरवशावर लोकांनी कामं उभारली. डिसेंबर 2020मध्ये जाहीर झालं की ती 31 डिसेंबर 2021लाच संपणार. सेंटओएस 7 तिच्या ठरल्या दिवशी, 30 जून 2024ला संपली. ज्यांनी आधीच अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सची वाट धरली, त्यांची धावपळ वाचली. उबंटूच्या एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या, आवृत्तीला 5 वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. विंडोज सर्व्हरची मुदत साधारण 10 वर्षांची, पण तिचा परवाना घरच्या टेबलासाठी महाग पडतो. चाचणीची आवृत्ती 180 दिवस चालते. त्यानंतर मशीन तासातासाला आपणहून बंद होऊ लागते. कुणी पेनड्राइव्हवर ‘तोडलेली’ सिस्टिम दिली, तर घेऊ नकोस. त्यात आणखी काय भरलंय, हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. तुझ्यासाठी माझं मत उबंटू एलटीएस किंवा डेबियन.

विंडोजच घ्यावी लागली, तर बसवताना यादी नीट वाच. 2016पासूनच्या आवृत्त्यांच्या यादीत पहिली ओळ असते ती ‘कोअर’ची, पण तसं तिथे लिहिलेलं नसतं. घाईत एंटर दाबलं की तासाभराने समोर फक्त काळी खिडकी उरते. नंतर ती बदलता येत नाही, सगळं पुन्हा बसवावं लागतं. ‘डेस्कटॉप एक्स्पिरिअन्स’ असं ज्या ओळीत लिहिलंय, ती ओळ निवड.

मग एकेक गोष्ट जागी कर. आवाज येत नसेल, तर साउंड कार्डाला दोष देण्याआधी ऑडिओची सेवा चालू आहे का, ते बघ. वायफाय दिसत नसेल, तर 2022पर्यंतच्या आवृत्त्यांत ‘वायरलेस लॅन सर्व्हिस’ वेगळी जोडावी लागते. परफॉर्मन्सच्या सेटिंगमध्ये ‘बॅकग्राउंड सर्व्हिसेस’ऐवजी ‘प्रोग्राम्स’ निवड, म्हणजे वाढपी आधी तुझ्या ताटाकडे वळेल. रात्री मोठं काम लावून झोपणार असशील, तेव्हा पुन्हा उलटं कर.

उबंटू सर्व्हरवर तीन ठिकाणी अडशील. एक, डिस्क 1 टीबीची आणि दिसते फक्त 100 जीबी. घाबरू नकोस. बसवताना एलव्हीएमने बाकीची जागा राखून ठेवलेली असते, ती वाढवून घ्यायची. दोन, डेस्कटॉप चढवल्यावर नेटवर्कचं चिन्ह मुकं राहतं, आणि केबल नसेल तर सुरू होताना मशीन दोन मिनिटं नुसती वाट बघत बसते. कारण नेटवर्क अजून सर्व्हरच्या पद्धतीने चाललेलं असतं. नेटप्लॅनच्या फाइलमध्ये कारभार ‘नेटवर्कमॅनेजर’कडे सोपव. तीन, मराठी. किमान सर्व्हरवर देवनागरीचा फॉन्टच नसतो, आणि आपलं नाव चौकोनांच्या रांगेसारखं दिसतं. लोहित किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट टाक, टायपिंगसाठी आयबसचा एम17एन टाक, आणि इनस्क्रिप्टवर हात बसव. डेस्कटॉप हलका घे. एक्सएफसीई पुरतो, आणि रॅम तुझ्या चित्रांसाठी मोकळी राहते.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ॲडमिनिस्ट्रेटर किंवा रूट म्हणून वावरायची सवय असते. तू ती लावून घेऊ नकोस. रोजच्या कामाला साधं खातं ठेव, मोठ्या खात्याचा पासवर्ड फक्त गरजेपुरता टाक. शिवाय सर्व्हर बाहेरून येणाऱ्या हाकेला ओ द्यायला बसलेला असतो. कोणकोणते पोर्ट उघडे आहेत ते बघ, ज्याचं कारण सांगता येत नाही ते बंद कर. घरच्या राउटरवरून रिमोट डेस्कटॉप थेट जगाला उघडा ठेवू नकोस.

आता एक सांगतो, जे बहुतेक जण उलटं सांगतात. विंडोज सर्व्हर बंद करताना विचारतो, का बंद करताय? लाइट गेल्यामुळे मशीन पडली, तर पुढच्या वेळी विचारतो, का पडली? लोक वैतागून हा प्रश्नच बंद करून टाकतात. मी एका ऑफिसात तो चालू ठेवला आणि दर वेळी खरं कारण लिहीत गेलो. 2007चा उन्हाळा होता, लोडशेडिंग ठरलेल्या वेळी रोजचंच. मे महिन्यात इव्हेंट व्ह्यूअर उघडून नोंदी मागे-पुढे केल्या. मार्चमध्येही लाइट जात होती, पण मशीन पडल्याची एकही नोंद नव्हती. एप्रिलच्या मध्यापासून मात्र ओळीने अकरा. लोडशेडिंग तेच, मशीन तीच, म्हणजे यूपीएसच दगा देत होता. तो पश्चिमेच्या भिंतीला लागून जिन्याखालच्या कपाटात कोंबलेला. हात लावला तर बॅटरीची बाजू फुगलेली. लेड-ॲसिड बॅटरीला 25 अंशांच्या आसपास बरं वाटतं; त्यावर दर 10 अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45वर जातो, त्यात ते बंद कपाट. बॅटरी बदलली, यूपीएस मोकळ्या जागी ठेवला, आणि नोंदी थांबल्या.

म्हणून लिनक्सवरही एक वही ठेव. काय चालू केलंस, काय बंद केलंस, कुठल्या तारखेला आणि का, चार शब्दांत. सहा महिन्यांनी मशीन अडली, तर वही उत्तर देईल. यूपीएस मार्चमध्येच तपासून घे. आणि मशीन कूलरच्या झोताखाली ठेवू नकोस. ती ओली हवा माणसाला गार वाटते, पण धूळ ओली होऊन आत पंख्यांवर लिंपते. दिवाळीच्या आणि होळीच्या सुमारास झाकण उघडून ब्लोअर मार.

शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. सर्व्हरची सिस्टिम टेबलावर आणायला हरकत नाही, पण चालू सर्व्हरचं टेबल करायला माझा ठाम विरोध आहे. एका दुकानात बिलिंगच्या सर्व्हरवरच हिशेबनीस बसायचा. एकदा कुठलासा ड्रायव्हर टाकून त्याने भर दुपारी मशीन रिस्टार्ट केली. सगळे काउंटर एकदम थांबले, दाराशी गिऱ्हाइकांची रांग लागली, आणि अर्धवट राहिलेली बिलं आम्ही रात्री अकरापर्यंत हाताने जुळवत बसलो. माणूस वाईट नव्हता. मशीन त्याची एकट्याची नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुला मी सांगतोय. तुझी मशीन तुझ्या एकटीची आहे तोवर तिच्याशी हवे ते प्रयोग कर, मोड, पुन्हा बसव. उद्या मैत्रिणींच्या फाइली तिच्यावर आल्या, विभागातल्या कुणाचं काम तिच्या भरवशावर चालायला लागलं, की त्याच दिवशी तिच्यासमोरून ऊठ आणि स्वतःसाठी दुसरी मशीन बघ.