शरद ऋतूतील मरळ

अमेरिकेत उन्हाळा सरून शरद ऋतू लागला की गोड्या पाण्याच्या सरोवरांकाठी गळ घेऊन बसणाऱ्यांची दाटी होते. त्यांचे लक्ष ‘बास’ नावाच्या माशाकडे असते. हा मासा रुंद जबड्याचा व खादाड असून पाणवनस्पतींच्या आड दबा धरून बसतो. आपल्या तेलंगणातील तळ्यांत बास आढळत नाही. परंतु त्याच्याच वृत्तीचा, किंबहुना त्याहून चिवट असा एक मासा येथे आहे. मराठीत त्याला मरळ म्हणतात, तेलुगूत कोर्रमीनु. 2016 साली तेलंगणाने त्यास राज्यमत्स्याचा मान दिला. दम्याच्या रोग्यांना मृगाच्या सुमारास हैदराबादेत जो जिवंत मासा गिळावयास देतात, तो या मरळीचेच पिल्लू होय. त्या उपचाराचा गुण शास्त्राने सिद्ध झालेला नाही. असो, आपला विषय निराळा आहे.

प्रथम शरद ऋतूच का, ते पाहू. थंड देशांतील खोल सरोवरात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वर ऊन पाणी, खाली गार. पाणी सर्वांत जड असते ते 4 अंश सेल्सियसला. शरदात वरचे पाणी निवू लागले की ते जड होऊन खाली बसते, तळचे वर येते, आणि सारे सरोवर जणू ढवळून निघते. त्या दिवसांत बास विखुरतो व गळाला क्वचितच लागतो. पुढे पाणी स्थिरावले म्हणजे लहान माशांचे थवे उथळ खाड्यांत शिरतात. हिवाळ्यापूर्वी पोट भरून घेण्यासाठी बासही त्यांच्या मागोमाग तेथे येतो.

दख्खनच्या पठारावरील तळी उथळ. वारा व पाऊस त्यांना वारंवार ढवळीत असतात, आणि त्यांचे पाणी 4 अंशांपर्यंत निवण्याचा प्रश्नच नाही. येथे शरदाचे काम वेगळ्या रीतीने होते. भाद्रपद संपता संपता पावसाचा जोर ओसरतो, गढूळ पाण्यातील गाळ खाली बसतो, तळे काठोकाठ भरलेले असते. काठचे गवत व लव्हाळी पाण्यात बुडालेली असतात आणि त्यांत बेडूक, किडे व लहान मासे यांची रेलचेल असते. मरळीला याहून मोठी मेजवानी ती कोणती? आश्विन-कार्तिकात ती काठालगत फिरते; पुढे थंडी वाढली की मंदावते.

मरळीचे खरे नवल तिच्या श्वासात आहे. डोक्यात, कल्ल्यांच्या वर, तिला एक पोकळी असते. तीत ती हवा भरून घेते. म्हणून दर थोड्या वेळाने तिला पृष्ठभागी यावेच लागते. तिला वर येऊ दिले नाही तर मासा असूनही ती पाण्यात गुदमरून मरते! उलट, तळे आटले तर ओल्या चिखलात दडून ती दिवस काढते. बाजारात ती जिवंत विकली जाते ती याच गुणामुळे. ज्या घाण पाण्यात इतर मासे तडफडून मरतात तेथेही ती तग धरते. तग धरणे आणि सुखाने नांदणे यांत मात्र अंतर आहे. सिकंदराबाद व हैदराबाद यांच्यामधील हुसेनसागर 1562 साली इब्राहीम कुली कुतुबशहाच्या काळी बांधला गेला. त्यात आज इतके सांडपाणी मिसळते की तेथील मासा खाण्यासाठी धरण्याचे कोणी मनातही आणू नये.

आता मुख्य मुद्दा. मरळ पावसाळ्यात अंडी घालते. पाणवनस्पती बाजूला सारून नर-मादी एक वर्तुळाकार जागा मोकळी करतात. तेथे अंडी तरंगत राहतात आणि दोन-तीन दिवसांत फुटतात. पिल्ले नारिंगी-तांबूस असतात. शेकडोंचा पुंजका एकत्र वर येतो, तेव्हा पाण्यावर कुंकू सांडल्यासारखे दिसते. आईबाप महिनाभर किंवा अधिक काळ त्यांच्याखाली पहारा करतात आणि जवळ येईल त्यावर झडप घालतात.

ही गोष्ट गळ टाकणारांस पुरती ठाऊक आहे. तांबूस पुंजका दिसला की काही जण नेमका त्यावरच रबरी बेडूक फेकतात. मासा भुकेने नव्हे, पिल्लांच्या रक्षणासाठी धावतो आणि अडकतो. मागे राहिलेली पिल्ले इतर मासे व बगळे घटकाभरात फस्त करतात. याला आम्ही कौशल्य म्हणावयास तयार नाही. अमेरिकेतील बासचा नरही वसंतात घरट्याची अशीच राखण करतो. शरदात तो त्या कामातून मोकळा झालेला असतो. आपली मरळही बहुधा तेव्हाच मोकळी होते.

आमचे बालपण कोंकणी मुलखात, समुद्राकाठी गेले. गोड्या पाण्यातील माशाला चव नसते असे तिकडे सर्रास म्हणतात (मरळीचे कालवण खाल्ल्यावर आम्ही ते म्हणणे सोडले). तिकडे पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मगच दर्यात लोटतात. आता जून-जुलैत यांत्रिक नौकांना कायद्यानेही बंदी असते. खवळलेला समुद्र हे त्याचे एक कारण आणि माशांचा विणीचा काळ हे दुसरे. तळ्याला लाटांचे भय नाही, म्हणून तेथे थांबण्याची रूढीही नाही. ती गळ टाकणाराने स्वतःच पाळावयाची.

हेन्री सलिव्हन टॉमस नावाचा इंग्रज अधिकारी दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर होता. हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर त्याने 1873 साली ग्रंथ लिहिला आणि 1887 साली खास तळ्यांतील मासेमारीवर दुसरा. पुढे 1897 च्या कायद्याने सुरुंग लावून अथवा विष कालवून मासे मारण्यास मनाई झाली. पिल्लांवरील गळाविषयी मात्र आजही आपली समजूत हाच कायदा.

ज्या विद्यार्थ्यांना हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी दसरा उलटल्यावर वडीलधाऱ्यांसह एखाद्या स्वच्छ तळ्याच्या काठी पहाटे जाऊन बसावे. पाण्यात उतरू नये. पुष्कळ तळी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा गळ टाकावयाचा असल्यास आधी त्यांची परवानगी घ्यावी. प्रथम तांबूस पुंजका कोठे आहे काय ते पाहावे, कारण एखादी वीण उशिरापर्यंत राहते. दिसल्यास ती बाजू सोडून द्यावी. नंतर लव्हाळ्यांच्या कडेला नजर ठेवावी. ‘डुब्’ असा हलका आवाज होऊन एक वर्तुळ उमटते. ती मरळ श्वास घेऊन गेली. घड्याळात वेळ पाहून वहीत टिपावी आणि तेथेच पुन्हा वर्तुळ केव्हा उमटते त्याची वाट पाहावी.