अभ्यासलेख : गाठोड्यातले कापड ओळखू या

दिवाळी जवळ आली की नाशिक शहरातून पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील पाड्यांकडे जुन्या कपड्यांची गाठोडी निघतात. देणाऱ्यांची भावना चांगलीच असते. पण त्यातले जे कपडे कोणाच्याच अंगाला येत नाहीत, त्यांचे पुढे काय करावे?

एक किलो सुती कापडामागे जगात सरासरी १०,००० लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरणाऱ्या बाईच्या घरी येणारा सुती सदरा त्याच प्रमाणात पाणी पिऊन आलेला असतो. म्हणून आहे ते कापड जास्त दिवस वापरणे, हा पहिला धडा. आपल्या आज्यांना तो शिकवावा लागला नाही. लुगडे विरले की त्याचे थर धावदोऱ्याने शिवून गोधडी होई. तीही फाटली की तिचे चुलीपाशी पोतेरे होई, आणि शेवटी ते मातीत मिसळे.

आता गाठोड्यात पॉलिस्टर पुष्कळ येते. त्याला नुसती नावे ठेवू नयेत. अशी साडी स्वस्त असते आणि पावसाळ्यातही लवकर वाळते. पाड्यावरच्या बाईला ही मोठीच सोय. पण ते खनिज तेलापासून बनते, कुजत नाही, आणि धुताना त्याचे बारीक तंतू ओढ्यात जातात.

ओळखायचे कसे? कडेचा एक धागा चिमट्यात धरून पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर आकसून वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. दोन्ही खुणा दिसल्या तर कापड मिश्र समजावे. हा प्रयोग मोठ्यांनीच, पाणी जवळ ठेवून करावा.

सुती कापड गोधडी, बाळाची दुपटी आणि पाळीच्या घड्यांसाठी राखावे; घड्या धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. पॉलिस्टरच्या पिशव्या शिवाव्यात, दोर वळावेत. शेकोटीजवळ निजणाऱ्या मुलांच्या गोधडीत मात्र ते घालू नये. ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटते. चुलीतही जाळू नये, त्याचा धूर छातीत जातो.

शहरातील वाचकांना विनंती, की कपडे धुऊन, सुती आणि पॉलिस्टर वेगळे बांधून पाठवावेत. सोबत जाड सुती दोऱ्याचे रीळ आणि चार सुया ठेवाव्यात. बचत गटाच्या बायकांना त्या तालुक्याच्या बाजारातून आणाव्या लागतात.