गीत सर्वांचे, नाव कोणाचे?

चाल पुष्कळांच्या तोंडी असते, परंतु ती कोणी बांधिली हे थोडेच विचारतात. ह्या पाठात आम्ही एलिझाबेथ कॉटन ह्या बाईंचा दाखला घेतो.

त्यांचा जन्म १८९३ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना प्रांतात एका गरीब कृष्णवर्णीय घराण्यात झाला. त्या डावखुऱ्या असल्यामुळे गिटार उलटे धरीत. म्हणून खर्जाच्या तारा बोटांनी व वरच्या सुरांच्या अंगठ्याने वाजत. बालवयातच त्यांनी ‘फ्रेट ट्रेन’ हे मालगाडीचे गीत रचिले. पुढे मंडळीच्या पुढाऱ्यांनी ऐहिक गीते सोडण्यास सांगितले, संसारही मागे लागला, आणि वाद्य कित्येक वर्षे मुके राहिले.

नंतर वॉशिंग्टन येथे सीगर नामक गायक कुटुंबाच्या घरी त्या घरकाम करीत असता, तेथील गिटार त्यांनी पुन्हा हाती घेतले. १९५७ साली त्यांचे गीत इंग्लंडात गाजले, पण कर्ते म्हणून नावे लागली दुसऱ्यांची! १९५८ साली माइक सीगर ह्यांच्या खटपटीने त्यांची स्वतःची तबकडी निघाली. ती ऐकून अनेक तरुणांनी त्यांची वादनाची रीत उचलिली. बॉब डिलन व जेरी गार्सिया ह्यांनीही त्यांची गीते गाइली. १९८५ साली, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांस ग्रॅमी पारितोषिक मिळाले. १९८७ साली त्या वारल्या.

ह्यावरून आपण काय शिकावे? मोलकरणीच्या हातीही मोठे देणे असू शकते. ते दडपू नये. आणि कोणाचे गीत शिकविताना प्रथम कर्त्याचे नाव सांगावे, कारण तेही एक ऋणच होय.