वर्गातला ‘ढ’ मुलगा आणि माध्यमिक शाळेचे कर्तव्य

आपल्यापैकी प्रत्येकाच्या वर्गात एक ‘ढ’ मुलगा होता. तो शेवटच्या बाकावर बसे, वाचावयास उभा केला की अडखळे, आणि त्याच्या वहीत निळ्या शाईपेक्षा लाल शाईच अधिक दिसे. दहावीनंतर तो कोठे गेला, हे आपणांस सहसा ठाऊक नसते. या लेखात मी त्या मुलाविषयी, आणि माध्यमिक शाळेने त्याला काय द्यावयास हवे याविषयी लिहिणार आहे. विषय शिक्षणशास्त्राचा आणि मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तेव्हा अधिकारवाणीने बोलण्याचा प्रश्नच नाही. परंतु नववीत असताना मी दहावीच्या एका मुलाची लेखनिक म्हणून परीक्षेला बसले होते. त्या बाकावरून जे दिसले, ते सांगावेसे वाटते.

लेखनिकाचा अनुभव

आमची शाळा भोसरी परिसरातली, मराठी माध्यमाची. मुलांचे वडील बहुतेक औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत कामाला. काही कायम, पुष्कळसे ठेकेदाराकडे. हा मुलगा माझ्या एक वर्ष पुढे होता, म्हणून मी त्याला दादा म्हणत असे. त्याच्या वडिलांचे मोटार रिवाइंडिंगचे लहानसे दुकान होते. एकदा परिपाठाच्या वेळी त्याला वर्तमानपत्रातील बातमी वाचावयास सांगितले. ‘मुख्यमंत्र्यांच्या’ या शब्दापाशी तो थांबला, मागे गेला, पुन्हा थांबला. सारे मैदान हसले. त्या हशात माझाही आवाज होता.

त्याच्या नववीत वर्गशिक्षिका बदलल्या. नव्या बाईंनी एक साधी गोष्ट केली. चाचणीत ज्या प्रश्नाला त्याला शून्य मिळाले होते, तोच प्रश्न त्यांनी मधल्या सुट्टीत त्याला तोंडी विचारला. उत्तर बरोबर आले. मग त्यांनी त्याच्या आईवडिलांना बोलावून घेतले. तपासणीसाठी रुग्णालयात तीन खेपा झाल्या, तीन दिवस दुकान बंद राहिले. अखेर ‘अध्ययन अक्षमता’ असे लिहिलेला दाखला हाती आला आणि दहावीला लेखनिक मंजूर झाला. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो, म्हणून नववीतून माझे नाव पुढे आले. माझे अक्षर बरे होते, एवढेच त्याचे कारण.

वेगळ्या खोलीत आम्ही दोघे आणि एक पर्यवेक्षक. मी प्रश्न वाचावयाचा, त्याने उत्तर सांगावयाचे, मी ते लिहावयाचे. विज्ञानात विजेच्या मोटारीवर प्रश्न होता. कॉइल का फिरते, ब्रश कशासाठी असतात, हे तो इतक्या भराभर सांगू लागला की माझा हात दुखू लागला. याच मुलाला आम्ही ‘ढ’ म्हणत होतो! पुढे भूगोलात त्याने ब्राझीलची राजधानी रिओ दि जानेरो सांगितली. ब्राझीलिया हे उत्तर मला ठाऊक होते. माझे पेन क्षणभर थांबले. पण लेखनिकाचे काम सांगितलेले लिहिण्याचे; मी रिओ लिहिले. बरोबर उत्तरही त्याचेच होते आणि चूकही त्याचीच. माझा होता तो फक्त हात.

अध्ययन अक्षमता म्हणजे काय?

बुद्धी सर्वसाधारण असते, डोळे व कान ठीक असतात, शाळेत नियमित येणेही असते, आणि तरीही वाचन, लेखन वा गणन यांत मूल सतत मागे राहते. अशा अवस्थेस अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनाची डिसग्राफिया आणि अंकगणिताची डिसकॅल्क्युलिया. हा आजार नव्हे, आळसही नव्हे. मेंदू अक्षरे व आकडे हाताळतो त्या रीतीतला हा फरक असून तो जन्मभर राहतो. योग्य शिकवण्याने मात्र मूल त्यावर पुष्कळ अंशी मात करू शकते.

मराठीत ही अडचण कशी दिसते हे जाणून घेणे आवश्यक आहे, कारण आपण वाचतो ती उदाहरणे बहुधा इंग्रजीची असतात. इंग्रजीत स्पेलिंग व उच्चार यांचा मेळ नसतो. देवनागरीत तो बऱ्याच अंशी असतो. त्यामुळे आपले मूल एकेक अक्षर लावत पुढे जाते, परंतु फार सावकाश. वाक्याच्या शेवटाशी पोहोचेपर्यंत आरंभ विसरलेला असतो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत गोंधळ होतो; काना, मात्रा, वेलांटी गळते किंवा भलत्याच अक्षराला चिकटते; जोडाक्षर आले की गाडी अडते. फळ्यावरचे उतरवून होण्याआधीच फळा पुसला जातो. अशा खुणा एखाद्या दिवशी कोणातही दिसतील. वर्षानुवर्षे दिसल्या तर मात्र तपासणी व्हावयास हवी.

कायदा काय सांगतो?

१९७४ साली केंद्र सरकारने अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकविण्याची एकात्म शिक्षण योजना सुरू केली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व मान्य झाले. त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. महाराष्ट्राला याचे श्रेय दिले पाहिजे की, केंद्राचा कायदा गप्प असतानाही १९९६ पासून राज्याने अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित अशा त्या सवलती होत. २००७ साली ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घरोघर पोहोचला.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. नेमकी नववीपासून मुले गळतात. ही उणीव २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने काही अंशी भरून काढली. १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. त्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांस मान्यता असून अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन करणे, हेही शाळेचे कर्तव्य ठरले. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत बारावीपर्यंतचे वर्ग येतात. त्याच वर्षीच्या केंद्राच्या परीक्षाविषयक सूचनांनुसार दर तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ द्यावयाचा आहे; म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

शाळेने काय करावे?

सवलतींची यादी मोठी आहे, पण तिची किल्ली वर्गशिक्षकाच्या हाती आहे. ज्या मुलाकडे कोणी निरखून पाहिलेच नाही, त्याच्यापर्यंत यादीतले एक कलमही पोहोचत नाही. म्हणून पहिली पायरी ओळखण्याची. तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर यांत मोठी तफावत दिसली, तर ती वर्गशिक्षकाने तारखेनिशी नोंदवून ठेवावी. दुसरी पायरी डोळे व कान तपासण्याची. चष्मा नसल्यामुळे मागे पडलेली मुलेही असतात. तिसरी पायरी पालकांशी बोलण्याची. ‘तुमच्या मुलात दोष आहे’ असे न म्हणता, ‘त्याला उत्तर येते, पण कागदावर उतरत नाही’ असे सांगितले, तर आईवडील ऐकतात. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांची तपासणी आणि दाखला.

दाखल्याला महिने लागतात. तोवर शाळेने हात बांधून बसण्याचे कारण नाही, कारण पुष्कळशी मदत दाखल्यावाचूनही देता येते. मुलाला पुढच्या बाकावर बसवावे. फळ्यावरचे उतरविण्याऐवजी सोबत्याची वही द्यावी. एका दमात चार सूचना न देता एकेक द्यावी. सर्वांसमोर अवचित वाचावयास उभे करू नये. वाचावयाचा उतारा आदल्या दिवशी सांगावा. इतिहासाच्या उत्तरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नयेत. या सर्वांस एक पैसाही लागत नाही.

सवलत देतानाही विचार हवा. खालच्या इयत्तेचे गणित घेतले की दहावी सोपी होते, पण तंत्रशिक्षणाच्या पुष्कळ वाटांवर गणित लागते. आपल्या भागात आयटीआय व पदविका हीच नोकरीची मोठी वाट असल्यामुळे ही गोष्ट पालकांना आधी समजावून सांगणे हे शाळेचे काम आहे.

आपल्या भागाचा विशेष प्रश्न

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, मोशी, चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कामासाठी लोक दूरदूरहून येतात. मराठवाडा व विदर्भातून येतात, तसेच उत्तर प्रदेश व बिहारमधूनही. घरी भोजपुरी वा गोरमाटी बोलणारे मूल मराठी वर्गात अडखळले, तर ती अक्षमता नव्हे. त्याला भाषेची सवय हवी असते. याउलट, ‘भाषा नवीन आहे, येईल हळूहळू’ असे म्हणत खरी अक्षमता असलेले मूलही वर्षानुवर्षे तसेच पुढे ढकलले जाते. दोहोंतील फरक कळण्यास एक प्रश्न उपयोगी पडतो: स्वतःच्या भाषेत तरी हे मूल वयाप्रमाणे वाचते का? तिचे शिक्षण झालेच नसेल, तर निदान नवी अक्षरे तो कोणत्या गतीने शिकतो, हे पाहावे.

दुसरी अडचण पाळीची. वडील रात्रपाळी करून झोपलेले, आई दिवसपाळीला. शाळेने अकरा वाजता बोलावले तर एक खाडा पडतो, आणि ठेकेदाराकडचा खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. सुट्टीच्या दिवशी पालकांना भेटणारे शिक्षक मी पाहिले आहेत. ही वैयक्तिक भलाई न राहता शाळेची पद्धत व्हावी. तिसरे असे की, काम बदलले की घर बदलते व शाळाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख पुढे जाते. परंतु ‘या मुलाला तोंडी विचारले तर येते’ ही ओळ पुढे जात नाही. नवी शाळा पुन्हा शून्यापासून आरंभ करते. दाखल्यासोबत असे एक टिपण पाठविले, तर दोन वर्षे वाचतील.

समारोप

‘सवलत म्हणजे फुकटचे गुण’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी रिओ दि जानेरोची हकिकत सांगते. चष्मा घातल्याने कोणाला उत्तर येत नाही. प्रश्न दिसतो, एवढेच. लेखनिक व जादा वेळ यांचे काम तेवढेच आहे.

तो मुलगा दहावी उत्तीर्ण झाला आणि पुढे त्याने आयटीआयला विजतंत्रीचा अभ्यासक्रम घेतला. सध्या तो चाकणला एका कारखान्यात आहे. मध्यंतरी बसथांब्यावर भेटला. “हात दुखायचा राहिला का गं?” म्हणून त्याने विचारले. परिपाठाच्या दिवशीचे हसणे त्याला आठवत असेल काय, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

आपल्या महाविद्यालयातील अनेकजण पुढे बी.एड. करून शिक्षक होतील. त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर तो मुलगा बसलेला असेलच. मधल्या सुट्टीत त्याला एक प्रश्न तोंडी विचारा, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करते.