मडगार्ड परत बसव

भोसरी

चि. सायली,

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस की गिअरच्या सायकलचे दोन्ही मडगार्ड काढून ठेवलेस. खडखडतात, आणि त्यांच्याशिवाय सायकल छान दिसते म्हणालीस. एवढं सगळं फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून लिहितो. मडगार्ड परत बसव, आणि याच आठवड्यात बसव.

खराबवाडीहून महाळुंग्याला कंपनीत जाणारा तुझा रस्ता मला चांगला माहीत आहे. तळेगाव-चाकण रस्त्यावर दिवसरात्र कंटेनर, डंपर, काँक्रीटच्या मिक्सर गाड्या. कुठल्यातरी नव्या शेडच्या पायातली काळी माती डंपरच्या चाकांबरोबर डांबरावर येते. तिच्यात सिमेंटची कच आणि गाड्यांचं गळलेलं ऑइल मिसळतं. हा राडा शेतातल्या चिखलापेक्षा वाईट. युनिफॉर्मवरून तो धुऊनही नीट निघत नाही, आणि लोखंडावर एमरी पेपरचं काम करतो.

तू फिटरचा ट्रेड केलास, तेव्हा तुझ्याच भाषेत सांगतो. टायरला चिकटलेलं पाणी स्पर्शरेषेत सुटतं. मागच्या चाकाचं पाणी पाठीवर उडतं, ते सगळ्यांना दिसतं. म्हणून बरेचजण सीटच्या पाइपला अडकवायची प्लास्टिकची पट्टी घेतात आणि काम झालं असं समजतात. तिने पाठ वाचते, बाकी काही वाचत नाही. जास्त नुकसान पुढचं चाक करतं. ते खालून मागे जे फेकतं ते थेट तुझ्या सेफ्टी शूजवर, क्रँकच्या बॉटम ब्रॅकेटवर (बीबीवर) आणि चेनवर जातं. बीबीच्या छऱ्यांत कच शिरली की ग्रीसचं लॅपिंग पेस्ट होतं, आणि लॅपिंग पेस्ट काय करतं हे तुला सांगायला नको. ब्रेकच्या रबरात रुतलेला वाळूचा कण प्रत्येक ब्रेकला रिम खरवडतो. शिवाय फ्रेमला अडकवलेली ती पाण्याची बाटली! रस्त्यावरचं शेण, डिझेल, गटाराचं पाणी तिच्या तोंडावर बसतं आणि तू गेटवर उतरून तीच तोंडाला लावतेस. हे मला अजिबात चालणार नाही.

शिफ्ट सुटली की तुम्ही मुली एकामागे एक निघता ना? पुढचीच्या चाकाचा राडा मागचीच्या डोळ्यांत जातो. शेजारून कंटेनर चाललेला असताना क्षणभर डोळे मिटणं म्हणजे काय, याचा विचार कर. ब्रिटनमधल्या कितीतरी सायकल क्लबांत पावसाळी-हिवाळी सहलीला मडगार्ड आणि त्याखाली लोंबणारा फ्लॅप लावूनच यायचं असतं, ते मागच्या माणसासाठी. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना मागच्या मडगार्डच्या खालच्या भागावर पांढरा पट्टा मारलेला असायचा आणि त्याजवळ लाल रिफ्लेक्टर. अंधारात मागून येणाऱ्याला सायकल दिसावी म्हणून. पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांच्या स्टँडवर अशा सायकलींच्या रांगा असत. दापोडी, खडकी, देहूकडून माणसं भर आषाढात त्यांवर कामाला येत. पुढे-मागे पूर्ण पत्र्याचे मडगार्ड आणि चेनवर कव्हर. ती रचना जड होती, पण पावसाचा विचार करून केलेली होती. आता दुकानातून सायकल आणतानाच पुष्कळदा मडगार्ड नसतात. तुझ्या सायकलला होते, ते तू काढलेस, आणि त्यांच्याबरोबर रिफ्लेक्टरही गेला. सेकंड शिफ्ट करून रात्री अकरानंतर त्या रस्त्याने येतेस. मडगार्ड बसेपर्यंत निदान रिफ्लेक्टर सीटच्या पाइपला लाव. आज लाव.

आता तुझी तक्रार. खडखड मडगार्डची नसते, ढिल्या नटाची असते. मडगार्डच्या दांड्यांना साधे नट असतील तर काढून नायलॉक घाल, आणि पत्रा व दांडी यांच्यामध्ये जुन्या ट्यूबमधून कापलेला वॉशर दे. आवाज बंद होईल.

मडगार्डविरुद्ध एक तक्रार मात्र मला पटते. आपल्या भागातली चिकण माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये ठासून बसते आणि चाक फिरेनासं होतं. म्हणून टायरला चिकटून बसवू नकोस; चांगली बोटभर फट ठेव आणि ती सगळीकडे सारखी येऊ दे. मडगार्ड टायरपेक्षा रुंद हवा; काढलेले तसे नसतील तर नवे घेण्याआधी टायर मोजून जा. खोदाई चाललेल्या ठिकाणी माती जास्त असेल तर उतरून चाल आणि काडीने फट साफ कर, जोर लावून पायडल मारू नकोस. पुढच्या दांड्यांबाबत विशेष जप. तिथे फांदी किंवा बांधकामाची तार अडकली तर चाक जागीच थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. ओढ बसली की आपोआप सुटणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात, पुढे त्याच घे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

पुढच्या मडगार्डला खाली फ्लॅप हवाच. ट्यूबचा तुकडा किंवा ऑइलच्या रिकाम्या कॅनचं प्लास्टिक काप, दोन भोकं पाड, बोल्टने आवळ. रस्त्यापासून चार बोटं वर राहील इतका लांब ठेव. त्याहून खाली गेला तर गतिरोधकावर घासतो. मडगार्ड पत्र्याचे असतील तर आतून रेड ऑक्साइडचा हात मार, कारण ते आतूनच गंजतात.

सायकल धुवायला वॉशिंग सेंटरला नेऊ नकोस. त्या प्रेशरने पाणी हबच्या आणि बीबीच्या आत जातं. बादली, फडकं, मग चेन कोरडी करून दोन-दोन थेंब तेल, एवढं पुरे.

रविवारी सायकल घेऊनच ये. ड्रिल, नायलॉक नट आणि ट्यूबचे तुकडे माझ्याकडे आहेत, मडगार्ड तेवढे घेऊन ये. मामी विचारतेय, जेवायला येणार की संध्याकाळी? तसं कळव.

तुझा,
मामा